खुलासा आधी कुणाकडे मागायचा?

मित्रहो, परिचय करून देताना आत्ता म्हटले गेले की मी पत्रकारितेतून जनसंपर्कात उडी घेतली. उडी वगैरे काही नव्हती. आधी आकाशवाणी, मग एक दैनिक, शेवटी एका कंपनीचा जनसंपर्क विभाग. टेबले बदलली, पगार जरा सुधारला, इतकेच.

रेडिओने मला कान दिला. तेव्हा मुलाखती स्पूलवर, म्हणजे ध्वनिफितीच्या रिळावर असत. फीत सेकंदाला साडेसात इंच धावायची. एखादे वाक्य काढायचे तर स्पूल हाताने मागेपुढे फिरवत नेमकी जागा ऐकायची, पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि टोके चिकटपट्टीने जोडायची. कापलेला तुकडा लगेच फेकायचा नाही, गळ्यात अडकवून ठेवायचा. कारण बोलणाऱ्याचा श्वासही त्याच्याबरोबर गेलेला असायचा, आणि श्वास गेला की माणूस यंत्रासारखा बोलू लागतो. ‘माझा विरोध नाही’ यातला ‘नाही’ म्हणजे जेमतेम दोन-अडीच इंच फीत! तेवढी कापली की मंत्र्याचा विरोध तयार. हे एकदा हाताने करून पाहिलेला माणूस कुणाचेही विधान सहज अर्धे तोडत नाही.

दैनिकाबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे रोज ढीगभर प्रेसनोट टोपलीत जाताना पाहिल्या. पुढे त्या लिहायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा ती टोपली कायम डोळ्यांसमोर असे.

पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, हा साहेबांचा फोटो छापून आणणारा, असा समज आहे. तेही करावे लागते, नाकारत नाही. पण खरे काम कार्यालयाच्या आत असते. कारखान्यामागच्या नाल्याला वास येतो, अशी बातमी आली की वरून हुकूम सुटतो, ‘खुलासा द्या.’ मी विचारायचो, पाणी शेवटचे कधी तपासले? खोलीत शांतता. बातमीदार उद्या जे विचारणार, ते आज साहेबांना विचारणे हीच माझी नोकरी होती. त्याने माणूस लोकप्रिय होत नाही.

आता 12 मार्च 1993. मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, 257 माणसे गेली. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींच्या जखमा ताज्या होत्या. शरद पवारांना मुख्यमंत्रिपदाची सूत्रे घेऊन आठवडाही झाला नव्हता. स्फोट हिंदूबहुल भागांत झालेले पाहून त्यांनी मुस्लिमबहुल मस्जिद बंदरलाही स्फोट झाल्याचे दूरदर्शनवर सांगितले. तसा स्फोट झालाच नव्हता. दंगल पेटू नये म्हणून मुद्दाम तसे बोललो, हे पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले.

विद्यार्थी विचारतात, हे बरोबर होते का? माझ्यातला पीआरओ म्हणतो, शहर सावरले ना! बातमीदाराला ते आजही पचत नाही. दोघांचे भांडण मिटलेले नाही. मात्र ते विधान टिकले, कारण पडताळायला लोकांच्या हातात मोबाइल नव्हता. आज मस्जिद बंदरचा एखादा चहावाला पाच मिनिटांत तिथला व्हिडिओ टाकेल, आणि मग खरे सांगितलेलेही कुणी ऐकणार नाही. म्हणून असा प्रसंग आला तर मी दोनच ओळी लिहून देईन : ‘अकरा वाजेपर्यंत एवढे कळले आहे. पुढची माहिती एक वाजता.’ आणि एक वाजता नवीन काही हाती नसले, तरी साहेबांना कॅमेऱ्यासमोर उभे करीन.

आता तुमचे प्रश्न घेऊ.