परतीचा कात्रज

नमस्कार. ओळख करून देताना आत्ता म्हणाले की मी ‘वेदनेवर मात’ करतो. असलं काही नाही हो. गुडघ्यात कळ आली तेव्हा दोनदा सायकल टेम्पोत टाकून घरी आलोय. सांध्याचं दुखणं अंगावर काढण्यात मजा नसते, डॉक्टरचं बिल असतं. मी बोलणार आहे ते दुसऱ्या त्रासाबद्दल. बूड हुळहुळतं, झोप अनावर होते, समोरून वारा लागतो, तो त्रास.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलनं पुरा करायचा. त्याचा हिशेब इथल्या नव्या मंडळींसाठी सांगतो. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. शर्यत नाही, नंबर नाही. पण तुम्ही चहा पीत बसलात तरी घड्याळ चालूच. हे खूळ जुनं आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस पहिल्यांदा झाली 1891 मध्ये. शार्ल तेराँ हा गडी ते जवळपास 1200 किलोमीटर साधारण 71 तासांत मारून आला. रस्ते तेव्हाचे, सायकल तेव्हाची. आपण गिअर नीट पडत नाही म्हणून कुरकुरतो.

माझी पहिली 600 डिसेंबरात होती. सकाळी सहाला पुण्याहून निघायचं, संकेश्वरच्या पुढून वळून परत. खंबाटकी चढताना सगळे गप्पा मारत होते. पहाटे तीनला परतीच्या वाटेवर कागलजवळ मी एकटाच. हँडल धरून धरून करंगळी आणि शेजारचं बोट पार बधिर झालेलं. टपरीवर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घेतला, तर तो फोडता येईना. दातानं ओढून पाहिला. टपरीवाल्यानं काही न बोलता तो हातातून घेतला, फाडला आणि परत दिला. ग्लास मात्र मी दोन्ही तळव्यांत धरून बसलो. चहा होता कसला? गोडमिट्ट, आलं नावालाही नाही. घरी असता तर मी नावं ठेवली असती. त्या क्षणी मात्र कर्ज, ऑफिस, मुलाची दहावी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. तळव्यांना लागणारी ऊब तेवढी होती. दुःख सोसल्याचं बक्षीस म्हणून मजा पुढे कधीतरी मिळते, असं लोक समजतात. माझा अनुभव तसा नाही. ती तिथेच, त्या ग्लासात होती. थंडी नसती तर मला ती दिसलीही नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी साताऱ्याच्या अलीकडे मात्र मजाबिजा काही नव्हती, तेही सांगून ठेवतो. नुसतं ऊन आणि ट्रक. डोळे मिटायला लागले तेव्हा झाडाखाली वीस मिनिटं झोपलो. झोपेत सायकल चालवणं ही मर्दुमकी नव्हे.

रात्री नऊला जुन्या कात्रज घाटातल्या बोगद्यातून बाहेर आलो. खाली पुण्याचे दिवे. हातात तास होता. मागच्या खिशात त्याच पुड्यातली उरलेली चार बिस्किटं होती, घामानं लगदा झालेली. कठड्यावर बसून ती खाल्ली. मग उतार.