हजार दिवसांची मोजणी

[पहाट. भाताची खाचरं, मागे इमोगिरीची टेकडी.]

७ एप्रिल २०२४. जावा बेटावर, योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेला इमोगिरीजवळचं एक छोटं गाव. आज इथे माझ्या मित्राचा हजारावा दिवस आहे. 'न्येवू' म्हणतात त्याला.

माणूस गेला की जावामध्ये घरचे दिवस मोजू लागतात. तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, मग पहिलं वर्ष, दुसरं वर्ष आणि शेवटी हजारावा. प्रत्येक वेळी शेजारीपाजारी जमतात, प्रार्थना होते, जेवणाच्या टोपल्या घरोघर जातात. हजाराव्या दिवसापर्यंत कबरीवर कायमचा दगड बहुतेक बसवत नाहीत. माती बसायला वेळ लागतो, असं इथली म्हातारी माणसं सांगतात. ती मातीबद्दलच बोलत असतात. मला मात्र ते वाक्य ऐकलं की गलबलून येतं.

दिवस कसा काढला ते मित्राच्या आईने मला बोटांवर मोजून दाखवलं. आपल्यासारखे सात वार इथेही आहेत, आणि त्यांच्या जोडीने पाच बाजारवार चालतात: लगी, पाइंग, पोन, वागे, क्लिवोन. माझा मित्र गेला तो मंगळवार क्लिवोन होता. मंगळवार एक धरला की सहावा येतो रविवार. क्लिवोन एक धरला की पाचवा येतो वागे. म्हणून न्येवू रविवार वागेला. ही जोडी पस्तीस दिवसांतून एकदाच येते, त्यामुळे दिवस चुकत नाही. मंगळवार क्लिवोनला इथे 'अंगोरो कासिह' असं वेगळं नाव आहे. अंगोरो म्हणजे मंगळ. अंगारकी पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माझ्या कानाला तो शब्द तेव्हाच ओळखीचा वाटला होता.

[जुने फोटो. पावसात भिजलेली ओसरी.]

मी इथे शिकायला आलो तेव्हा तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला 'मास' म्हणायचो, म्हणजे दादा. तो मला 'दिक', धाकटा. जावाच्या भाषेत आदराची बोली वेगळी आणि जवळिकीची वेगळी. शब्दच्या शब्द बदलतात. पहिले कितीतरी महिने तो माझ्याशी जपून, अदबीनंच बोलला.

मग ऑक्टोबरअखेर पहिला पाऊस झाला. संध्याकाळी जमिनीतून वाळवीची पाखरं उठली आणि ओसरीतल्या दिव्याभोवती घोंगावू लागली. इथे त्यांना 'लारोन' म्हणतात. त्याने दिव्याखाली पाण्याची परात ठेवली, बाकीचे दिवे घालवले. पाण्यातल्या उजेडावर पाखरं पडत होती, पंख सुटून वर तरंगत होते. मी परात धरून उभा. "कोवे हल्लास तर सांडेल," तो म्हणाला. कोवे म्हणजे तू. त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा 'तू' ऐकलं ते त्या परातीवर वाकून. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

ऋतू मला त्यानेच शिकवले. आपल्याकडे शेतकरी मृग, आर्द्रा अशी पावसाची नक्षत्रं धरून चालतो, तसा जावाच्या शेतकऱ्याकडे 'प्रानोतो मोंगसो' आहे. वर्षाचे बारा मोंगसो, सुरुवात २२ जूनला. दुपारची सावली पावलांनी मोजून धरलेले. त्यांची लांबी सारखी नाही: ४१ दिवस, मग २३, २४, २५, २७, ४३. इथे अर्धं वर्ष होतं, आणि उरलेलं अर्धं आरशात पाहावं तसं उलटं उतरत जातं, पुन्हा ४१ पर्यंत. सुराकार्ताच्या सातव्या पाकुबुवोनो राजाने १८५५ मध्ये हे कोष्टक पक्कं करून दिलं. शेतकऱ्यांकडे ते त्याच्या आधीपासून होतं.

आणि प्रत्येक मोंगसोला एक ओळ. सातव्याची, ऐन पावसातली, रोगराईची ओळ: 'वीसो केंतिर इंग मारुतो', वाऱ्यावर वाहत आलेलं विष. विष आणि मारुत, दोन्ही आपलेच शब्द. चौथ्याची ओळ झरे आटण्याची: काळजात दाटलेले अश्रू. पहिल्या मोंगसोची, 'कोसो'ची ओळ पानगळीची: कोंदणातून निखळलेला हिरा.

तो गेला १३ जुलै २०२१ ला. कोसो चालू होता.

[रिकामा रस्ता. आवाज नाही.]

कोविडची ती लाट जावाने कशी सोसली ते इथे कुणालाही विचारा. ३ जुलैपासून कडक निर्बंध होते. एरवी मृत्यूची बातमी मशिदीच्या कर्ण्यावरून येते आणि तासाभरात अख्खं गाव अंगणात असतं. बायका न बोलावता चूल ताब्यात घेतात. त्याच्या वेळी कुणी येऊ शकलं नाही. आईला मुलाला आंघोळ घालता आली नाही. मी सांगलीत होतो. चाळिसाव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर फक्त चटई आणि भिंत दिसत होती.

[स्वयंपाकघर. तव्यावरचे आपेम.]

म्हणून काल शनिवारी मी इथे होतो. जावामध्ये दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, तेव्हा विधी आदल्या रात्रीच. रमजान चालू आहे. पंधराएक बायका दुपारपासून उपाशीपोटी रांधत होत्या. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, आंबवून केलेले 'आपेम', आपल्या जाड घावनासारखे. दिवंगतांसाठी ते लागतातच. रोजा असल्यामुळे चव कुणीच घेणार नाही. तेव्हा शेजारची पाच-सहा वर्षांची मुलगी बोलावली. ती पाटावर बसून प्रत्येक पातेल्यातलं चाखत होती. "मीठ?" बू विचारायच्या, आणि ती विचार करून मान हलवायची. बू म्हणजे आई; मित्राच्या आईला मीही बूच म्हणतो.

त्यांनी मला शेताचंही सांगितलं. २०२३ ला एल निन्योमुळे पाऊस फार उशिरा आला, लावणी लांबली, भात अजून उभं आहे. "मोंगसो आता दिलेली वेळ पाळत नाहीत," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मोजायचं मात्र सोडलेलं नाही."

[कब्रस्तान. चाफ्याची झाडं.]

इथल्या कब्रस्तानांत चाफा असतो. सकाळी दगड बसवला. त्यावर मृत्यूची दोन सालं आहेत, इसवीचं आणि जावाचं. १६३३ मध्ये सुलतान आगुंगने कालगणना हिजरी चंद्रमासांवर नेली, पण वर्षाचा आकडा शकाचाच पुढे चालू ठेवला, १५५५. तो सुलतान याच इमोगिरीच्या टेकडीवर पुरलेला आहे. चांद्रवर्ष अकराएक दिवसांनी लहान, म्हणून त्यांचा आकडा आपल्या शकाच्या पुढे गेला. आज त्यांचं १९५७, आपलं १९४५. परवा पाडवा, आपलं १९४६ लागेल. बूंनी दगडावर गुलाब आणि मोगऱ्याच्या पाकळ्या टाकल्या. मी दगडाच्या कडेची ओली माती बोटाने सारखी केली.

[फोनचा पडदा. बाहेर पाऊस.]

आज २२ जून, मी सांगलीत आहे. आर्द्रा लागली आहे, पन्हळ वाहते आहे. बूंचा निरोप आला: कोसो लागला, रात्री गार पडतंय, सावरीची पानं गळायला लागली. तिकडे पाऊस आला का?

आला, बू.