खिळ्यानं लिहिलेली तारीख

श्रोतेहो, नमस्कार. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशर नावाची काउंटी आहे आणि तिच्या पार वरच्या टोकाला ॲशवेल हे गाव. गाव बेताचं, पण तिथल्या सेंट मेरी चर्चचा मनोरा चांगला पावणेदोनशे फूट उंच. मध्ययुगात हे गाव लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मठाच्या मालकीचं होतं.

उंचीचं कौतुक एका वाक्यात पुरे. मला सांगायचंय ते दगडाबद्दल. हे चर्च बांधलंय त्या भागातल्या खडूच्या दगडात. तो मऊ असतो, ऊनपावसात झिजतो, बाहेरून डागडुजी करता करता लोक टेकीला येतात. पण त्यावर खिळ्यानं लिहिता येतं! आत मनोऱ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर कुणीतरी लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. समोरून उजेड पाडला तर नुसते ओरखडे दिसतात. बॅटरी भिंतीला टेकवून तिरपी धरली, की प्रत्येक ओरखड्याची सावली पडते आणि अक्षरं उठून येतात.

सुरुवातीला साल आहे, तेही कोड्यात: एक हजार, तीनदा शंभर, पाचदा दहा. झाले १३५०. प्लेग इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला १३४८च्या उन्हाळ्यात, आणि पुढच्या दोनेक वर्षांत देशातली निदान तिसरा हिस्सा माणसं गेली. भिंत म्हणते: दयनीय, क्रूर, भयंकर, साक्षीला उरलीत ती सगळ्यांत वाईट माणसं. लिहिणारा कोण, नाव नाही. लॅटिन येत होतं म्हणजे बहुधा चर्चमधलाच कुणी. पण तोही मागे उरलेलाच ना? म्हणजे ही शिवी त्यानं स्वतःलाही घातली.

त्याच मजकुरात पुढे वादळाची नोंद आहे. सेंट मॉरसच्या दिवशी, १५ जानेवारीला, प्रचंड वारा सुटला. याच वादळात नॉरिचच्या कॅथीड्रलचा कळस कोसळला. आपल्या हिशेबानं ते साल १३६२, पण भिंतीवर आहे १३६१. चूक नाही हं ती. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी जुन्याच वर्षात धरला जाई. प्लेगची दुसरी लाटही १३६१चीच. बारा-चौदा वर्षांत माणसानं किती सोसावं!

जवळच एका मोठ्या चर्चचं चित्र कोरलंय, टोकदार उंच कळसाचं. लंडनचं जुनं सेंट पॉल्स ते हेच, असं मानतात. त्या इमारतीचा कळस १५६१मध्ये वीज पडून गेला, उरलेली १६६६च्या आगीत गेली. गावातल्या भिंतीवर मात्र ती कळसासकट उभी आहे.

सगळंच काही रडगाणं नाही बरं का. एका जागी, बहुधा कुणा गवंड्यानं, लिहिलंय की कोपरे नीट जुळलेले नाहीत, मी थुंकतो. म्हणजे दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची खोड तेव्हाही होतीच. आणखी एक ओळ आर्चडीकनबद्दल आहे. आर्चडीकन म्हणजे गावोगावच्या चर्चचा कारभार तपासायला येणारा बडा अधिकारी. कुणीतरी खिळा घेऊन त्याला सरळ गाढव म्हटलंय, आणि इतक्या शतकांत ते कुणी खरवडून काढलेलं नाही.