दोन चमचे साखर आणि जाड बुडाचे पातेले

नमस्कार श्रोतेहो.

वेस्ट इंडीज म्हटले की मराठी माणसाला प्रथम क्रिकेट आठवते. १९७१ साली सुनील गावसकर यांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर आपली पहिली कसोटी खेळली आणि त्या मालिकेत ७७४ धावा केल्या, तेव्हापासून त्रिनिदादच्या या राजधानीचे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्या शहरातल्या घरांत रविवारी दुपारी काय शिजते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी चाखले असेल. आज मी त्रिनिदादच्या पेलाऊविषयी बोलणार आहे, आणि तो आपल्या घरी न घाबरता, न धावपळ करता कसा करावा, हे सांगणार आहे.

पेलाऊ म्हणजे एकाच पातेल्यात शिजणारे संपूर्ण जेवण. त्यात हाडांसकट कोंबडी असते, तांदूळ असतो, तुरीचे ओले दाणे, नारळाचे दूध आणि लाल भोपळा असतो. होय, आपलीच तूर. ती भारतातून आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराच्या काळात आफ्रिकेतून कॅरिबियन बेटांवर पोहोचली. या पदार्थाला त्याचा तपकिरी रंग देते ती जाळलेली साखर, आणि त्या साखरेसाठीच तर ही बेटे माणसांनी भरली गेली. आधी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसे उसाच्या मळ्यांत राबली. १८३८ साली त्यांची सुटका पूर्ण झाल्यावर मळेवाल्यांनी भारताकडे नजर वळवली, आणि ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या, मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत ही भरती चालू राहिली. त्यातले बहुसंख्य लोक आजच्या उत्तर प्रदेशातले आणि बिहारमधले होते. साखर तेलात जाळून मांस परतण्याची रीत आफ्रिकी वंशाच्या लोकांची मानली जाते आणि तांदळाचा पुलाव आपल्या बाजूचा. पेलाऊच्या पातेल्यात ही दोन्ही घराणी एकत्र नांदतात.

आता भीती कशाची वाटते ते पाहू. नवख्या माणसाला पेलाऊ करताना दोन गोष्टींची धास्ती असते. एक म्हणजे जळती साखर आणि दुसरी म्हणजे तिथली ती स्कॉच बॉनेट मिरची, जी आपल्या लवंगी मिरचीहूनही कितीतरी जहाल असते. साखर आणि मिरची, एवढ्या दोनच गोष्टी सांभाळायच्या आहेत, हे कृपया ध्यानात ठेवा.

त्याआधीची तयारी आदल्या रात्री उरकता येते. पातीचा कांदा, लसूण, थाइम या सुवासिक वनस्पतीच्या काड्या आणि शॅडो बेनी नावाची उग्र वासाची पाने एकत्र वाटून तिथल्या घरांत हिरवा मसाला करतात आणि बरणीत भरून ठेवतात. शॅडो बेनी मिळाली नाही तर कोथिंबीर देठांसकट घ्यावी. त्रिनिदादमध्ये या मसाल्यात आणखी एक पान पडते, आणि ते आपल्या अंगणात, कुंडीत असतेच: जाडसर, मऊ लव असलेले ओव्याचे पान. दोन-तीन पाने पुरेत. सव्वा किलो कोंबडी लिंबाच्या रसाने धुऊन तिला हा मसाला आणि मीठ चोळावे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. येथे माझे एक ठाम मत सांगून टाकते. हाड काढलेल्या मांसाचे तुकडे घेण्याची जी टूम निघाली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. भाताला चव हाडातून येते, आणि जेवताना हात भरवायचा नसेल तर मग कोंबडी करायचीच कशाला?

असो. आता तो प्रसंग सांगते, कारण पेलाऊचे मर्म मला त्या दिवशी उमगले.

टोरांटोच्या स्कारबरो भागात मी राहत असताना आमच्या शेजारी त्रिनिदादमधल्या सॅन फर्नांडोच्या एक निवृत्त परिचारिका राहत. सगळी इमारत त्यांना आँटी म्हणे. एका रविवारी त्यांच्याकडे नातेवाइकांचे जेवण होते, म्हणून मी सकाळीच मदतीला गेले. आपल्याकडे दहा-बारा माणसे जेवायला असली की ओट्यावर तसूभर जागा उरत नाही. आँटींचा ओटा मात्र जवळजवळ रिकामा होता. शेगडीवर जाड बुडाचे एक काळे पातेले, शेजारी एका वाडग्यात धुतलेले तांदूळ, दुसऱ्यात तुरीचे दाणे आणि ताटलीत भोपळ्याच्या फोडी. कोंबडी फ्रिजमध्ये होती. पाहुण्यांसाठी दहा पदार्थ मांडून यजमानीण बाईने शेवटी उभ्या उभ्या दोन घास खायचे, ही आपली जुनी रीत मला कधीच पटलेली नाही, आणि तो ओटा पाहून मला फार बरे वाटले.

आँटींची विशीतली भाची त्या दिवशी प्रथमच पेलाऊ करायला उभी राहिली होती. आँटींनी तिला पातेल्यात दोन मोठे चमचे तेल आणि दोन मोठे चमचे तपकिरी साखर घालायला लावली, आच मध्यम ठेवली आणि म्हणाल्या, “साखर आधी विरघळेल, मग सोनेरी होईल, मग बुडबुडे एकत्र येऊन फेस चढेल. फेसाच्या कडेला काळपट रेघ दिसली की लगेच कोंबडी टाकायची.” मुलगी चमचा घट्ट धरून उभी होती. फेस चढला, कडेला रेघ दिसली, आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आले की कोंबडी अजून फ्रिजमध्येच आहे. ती धावली, फ्रिज उघडून भांडे बाहेर काढेपर्यंत साखर पार कोळसा झाली, घरात कडवट धूर भरला आणि छतावरचा धुराचा भोंगा कर्कश वाजू लागला. शेजारच्या दारांतून माणसे डोकावली. मुलगी रडायच्या बेताला आली.

आँटींनी काय करावे? त्यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली, एका टॉवेलने भोंग्याला वारा घालून तो शांत केला आणि भाचीला विचारले, “आपले काय गेले सांग बरे. दोन चमचे साखर आणि दोन चमचे तेल. कोंबडी भांड्यात आहे, तांदूळ वाडग्यात आहेत, नारळाचे दूध डब्यात आहे. सगळे जेवण तसेच आहे.” मग पातेले निवल्यावर त्यात पाणी घालून उकळले, काळा थर सुटून आला, पातेले घासले आणि पुन्हा शेगडीवर चढवले.

श्रोतेहो, हे मी पुन्हा सांगते, कारण घरी एकट्याने करताना तुम्हाला याचाच आधार होईल. पेलाऊमध्ये सगळ्यांत अवघड क्षण अगदी सुरुवातीला येतो, आणि त्या वेळी पातेल्यात साखर आणि तेल यांखेरीज काहीही नसते. बिघडले तर टाकून द्यावे आणि पुन्हा करावे.

दुसऱ्या वेळी कोंबडीचे भांडे शेगडीला लागूनच होते. रेघ दिसली, तुकडे आत पडले, चर्रर्र आवाज झाला आणि साखर एकदम आवळून तिचे कडक खडे झाले. मुलगी पुन्हा घाबरली. आँटींनी दोन-तीनदा हलवून झाकण घातले आणि खुर्ची ओढून बसल्या. “कोंबडी आता पाणी सोडेल, त्यात साखर पुन्हा विरघळेल,” असे त्या म्हणाल्या, आणि तसेच झाले. झाकण काढले तेव्हा प्रत्येक तुकडा मोहाच्या मधासारखा गडद झाला होता आणि घरभर तो खमंग, किंचित कडवट वास पसरला होता.

मग तांदूळ, तुरीचे दाणे, भोपळा, नारळाचे दूध आणि पाणी आत गेले, आणि सर्वांत वर, देठासकट, एक अख्खी पिवळी मिरची. ती फुटता कामा नये. फुटली तर सगळे पातेले जहाल होते. न फुटता वाफेत शिजली तर फक्त तिचा सुवास भातात उतरतो. यासाठी आँटींकडे एक कायमची व्यवस्था होती. त्यांचे थोरले दीर, सत्तरी उलटलेले गृहस्थ, आल्याबरोबर शेगडीजवळच्या स्टुलावर बसले. मिरची सांभाळणे हे त्या घरात त्यांचे काम होते. कोणी डाव हातात घेतला की ते गंभीरपणे म्हणत, “मिरची उजव्या बाजूला आहे.” मध्येच न सांगता तीन माणसे वाढली. आँटींनी आणखी दोन मुठी तांदूळ आणि त्या बेताने पाणी घातले आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसल्या. भात झाल्यावर दीर उठले, चिमट्याने देठ धरून मिरची अलगद उचलली आणि अखंड बशीत ठेवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! ज्याला तिखट हवे त्याने ती बशीतली मिरची काट्याने दाबून आपल्या ताटात थेंबभर रस घ्यायचा, अशी तिथली पद्धत आहे.

आता उरलेले थोडक्यात सांगते. सव्वा किलो कोंबडीला दोन वाट्या लांब दाण्याचा उकडा तांदूळ आणि एक वाटी तुरीचे दाणे पुरतात. वाटी मोठी, पाव लिटरची घ्यावी. थंडीत ओल्या शेंगा मिळतात. एरवी सुके दाणे भिजवून, मऊ शिजवून घ्यावेत. नारळाचे दूध आणि पाणी मिळून तांदळाच्या दुपटीला किंचित कमी, कारण कोंबडीचे पाणी त्यात असतेच. उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवावे आणि पंचवीस ते तीस मिनिटे थांबावे. स्कॉच बॉनेट न मिळाल्यास देठासकट एक ताजी हिरवी मिरची चालेल. तो फळासारखा वास येणार नाही, पण भात चांगलाच होईल. शाकाहारी मंडळींनी कोंबडीऐवजी भोपळा आणि दाणे वाढवावेत आणि त्या साखरेत आधी भोपळा परतावा. पातेले जाडच हवे. पातळ भांड्यात साखर एका बाजूने जळते आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहते. फोडी किंवा तुकडे टाकताना लांब दांड्याचा डाव वापरावा, कारण उकळती साखर अंगावर उडाली तर खोल भाजते. लहान मुलांना त्या पाच मिनिटांपुरते दूर ठेवावे.

पुन्हा एकदा ऐका: पातेले जाड, आच मध्यम, आणि कोंबडी हाताशी. पातेले जाड, आच मध्यम, कोंबडी हाताशी.

पेलाऊ जमला की मग कलालू करून पाहा. त्रिनिदादमध्ये तो अळूची पाने, भेंडी, भोपळा आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून करतात. अळूला खाज असते आणि पाने पुरती शिजवावी लागतात, हे कोकणातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. त्यातही मिरची अख्खीच तरंगते.

पेलाऊबरोबर काकडीची कोशिंबीर किंवा ॲव्होकाडोची फोड घ्यावी. बुडाला जी तांबूस खरवड धरते, तिला त्रिनिदादमध्ये बन-बन म्हणतात आणि तिच्यासाठी घरोघरी भांडणे होतात, तेव्हा पातेले लगेच भिजत घालू नका. उरलेला भात दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून गरम करावा. नमस्कार.