हिशेबाची वही आणि आपल्या मुली
(नाशिकपासून दूर राहणाऱ्यांच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीतील सहकारी, जमलेले सर्व नाशिककर, आणि मिसळीच्या बाबतीत अद्याप गैरसमजात असलेल्या पुणेकर व कोल्हापूरकर बंधुभगिनींनो,

किशोरवयीन मुलींचा आत्मविश्वास वाढावा म्हणून नाशिकजवळच्या एखाद्या गावात दोन दिवसांचे शिबिर घ्यावे, असा प्रस्ताव आज सभेपुढे आहे. त्यात व्यक्तिमत्त्व विकासावर एक व्याख्यान, स्वसंरक्षणाचे प्रात्यक्षिक, जेवण, टोपी, प्रमाणपत्र आणि शेवटी सर्वांचा एकत्र फोटो असेल. खजिनदार म्हणून मला असे कार्यक्रम मनापासून आवडतात, कारण त्यांचा हिशेब एका पानात मावतो. तरीही मी या प्रस्तावाच्या विरोधात बोलणार आहे, आणि त्याला कारण माझी चौदा वर्षांची मुलगी आहे.

उन्हाळ्यात आम्ही माहेरी गेलो होतो. रामकुंड, भद्रकाली, कॉलेज रोड ही आपली ठरलेली यात्रा पार पडल्यावर हरसूलच्या बाजूला एका पाड्यावर चालणारा किशोरी गट पाहायला मी तिला सोबत नेले. शाळेच्या ओसरीवर मुली बसल्या होत्या आणि गावातलीच एक ताई त्यांच्याबरोबर होती. भाषण कुणी केले नाही. हजेरी झाली, दहा-दहा रुपयांची बचत जमा झाली, लोहाची निळी गोळी या आठवड्यात कुणी घेतली नाही याची चौकशी झाली, आणि बिघडलेल्या हातपंपाबद्दल ग्रामसेवकाकडे कोणी जायचे यावर बराच वाद झाला. हिशेबाची वही नववीतल्या एका मुलीकडे होती, आणि मागच्या बैठकीची बेरीज चुकली आहे असे तिने ताईला सर्वांसमोर, न अडखळता सांगितले.

त्या रात्री जेवताना माझी मुलगी म्हणाली, ‘आई, मी लहान असल्यापासून मंडळात नाचते आहे. वही मला कुणी कधी दाखवली?’ तिचे आजोबा हसले, वडिलांनी आधी खोली आवरण्याचा सल्ला दिला, आणि मला तर तो खजिनदारावरचा अविश्वासाचा ठरावच वाटला. पुढे आवाज चढले, आमरस ताटात तसाच राहिला. तो प्रश्न मात्र तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही.

असे काम वर्षभर नियमित चालले तर काय होते, याचे एक उदाहरण सांगते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाचोडला इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा एक वर्ग सुरू केला. तो वर्षभर, आठवड्याचे कामाचे दिवस धरून रोज संध्याकाळी एक तास चाले, म्हणजे एकूण सुमारे २२५ तास. आणि शिकवणाऱ्या स्त्रिया बाहेरून आलेल्या तज्ज्ञ नसून किमान सातवी शिकलेल्या, गावातल्याच होत्या. आरोग्य आणि आहाराबरोबर ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्था कशा चालतात हेही त्या मुली शिकल्या. काही वर्षांत त्या भागातल्या मुलींच्या लग्नाचे मध्यक वय, म्हणजे निम्म्या मुलींची लग्ने ज्या वयापर्यंत होतात ते वय, १६ वरून १७ वर गेले. एक वर्ष ऐकायला थोडे वाटते, पण सोळा वर्षांच्या मुलीसाठी ते अख्खे अकरावीचे वर्ष असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झाले होते, हे ध्यानात घेतले की त्या एका वर्षाची किंमत कळते.

सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांचे नाव इथे कुणाला सांगायला नको. २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळाले, तेव्हा ‘सावरपाडा एक्सप्रेस’ आपलीच म्हणून आपण सर्वांनी एकमेकांना फोन केले होते. त्या पदकांमागे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली नाशिकमध्ये वर्षानुवर्षे केलेला सराव होता. तो सराव दोन दिवसांच्या शिबिरात बसवता आला असता, असे आपल्यापैकी कुणीही म्हणणार नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. गणेशोत्सवात आपल्या मुली नाचतात, निवेदन करतात, नऊवारी सांभाळत ढोल वाजवतात, आणि आपण टाळ्या वाजवून व्हिडिओ नाशिकला पाठवतो. पण कार्यक्रम कोणता असावा, सभागृह कोणते घ्यावे, पैसे कशावर खर्च व्हावेत हे ठरते त्या बैठकीत पन्नाशीच्या आतले माणूस दिसले तर आपण त्याला चहा आणायला पाठवतो. मागच्या बैठकीत श्रीखंड की बासुंदी या प्रश्नाला जो वेळ गेला, तो मी इतिवृत्तात लिहिलेला नाही. मीही बासुंदीच्या बाजूने बरीच बोलले होते. सोळाव्या वर्षी या मुली मंडळात यायच्या थांबतात, आणि त्यांना मराठीची गोडी उरली नाही असे आपण म्हणतो. मला वाटते, त्यांना काम उरलेले नसते. पाड्यावरच्या मुलीने वडिलांना ठामपणे ‘मला शिकायचे आहे’ म्हणावे यासाठी आपण वर्गणी काढतो, आणि घरची मुलगी तितक्याच ठामपणे बोलली की तिला मोठ्यांना उलट बोलू नये असे शिकवतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की शिबिराचे पैसे गटाच्या ताईच्या मानधनासाठी वर्षभर द्यावेत, आणि इथे अठराच्या आतल्या दोन मुलींना कार्यकारिणीत, मतासह, घ्यावे. घटनादुरुस्ती लागेल हे मला ठाऊक आहे. आपण ती पार्किंगसाठीही केली होती.

यातून सगळे सुटेल असे मी म्हणत नाही. मुलींना शाळेत जायला एसटीचा पास मोफत आहे, नाशिकला २०२३पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुलींची तयारी करून घेणारी शासनाची संस्था आहे. पण दहावीनंतर पाड्यावरून रोज तालुक्याला जायचे तर संध्याकाळची परतीची गाडी लागते आणि ती चुकली तर घरी काय ऐकावे लागेल याची भीती असते. बोलायला शिकलेली मुलगी घरात बोलू लागली की तिचे शिक्षण लवकर थांबते की काय, अशी शंका त्या ताईनेच मला बोलून दाखवली, आणि भावांसाठी व वडिलांसाठी असा गट का नाही, असेही विचारले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय आपण पैसे देणार एका वर्षाचे, आणि त्या गटातली सर्वात धाकटी मुलगी सहावीत आहे. ती दहावीला पोहोचेपर्यंतची हमी या सभागृहात कोण देऊ शकेल, हे मला खरोखर समजत नाही. माझी स्वतःची खजिनदारकी तर पुढच्या निवडणुकीपर्यंतच आहे.