क्लास काढायच्या आधी फी वहीत मांडा

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण ब्लॅक बेल्ट झालेत आणि आता स्वतःचा कराटेचा नाहीतर तायक्वांदोचा क्लास काढायचा म्हणतायत, कुणी जुळे सोलापूरला, कुणी विडी घरकुलकडे, कुणी अक्कलकोट रोडला, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, सर फी किती ठेवू. मी उलट विचारलं की तुझ्या डोक्यात किती आहे, तर उत्तर ठरलेलं, "शेजारचा चारशे घेतोय की, मी तीनशे घेतो." आता शेजारच्याने चारशे कशावरून काढले हे त्यालाच माहीत नसतं, त्याने तिसऱ्या कुणाचं तरी बघून ठरवलेलं असतं. अशी सगळ्या गावाची फी एकमेकांकडे बघून ठरते आणि मग दोन वर्षांत क्लास बंद, मॅट विकायला काढल्या.

दुसरी अडचण मनातली आहे. आपल्याकडे तालमीत फी नसायची, वस्ताद पैसे मागायचे नाहीत, मग आपण कसे मागायचे असं वाटतं. पण तालमीत फी नव्हती म्हणजे खर्च नव्हता असं नाही ना. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पैलवानांच्या खुराकाचं बघितलं, खासबागेचं मैदान बांधून घेतलं. म्हणजे पैसे दरबाराने भरले. जूडोचं बघा. जिगोरो कानोने 1882 साली टोकियोत एइशोजी नावाच्या देवळात कोडोकान ही जूडोची शाळा सुरू केली, बारा ताताम्या म्हणजे बारा चटया आणि नऊ विद्यार्थी, पण तो माणूस त्याच वेळी गाकुशुइन नावाच्या शाळेत शिकवायचा, पोटापाण्याची सोय तिथे होती. म्हणून माझं म्हणणं एवढंच की फी कमी ठेवली की उरलेला पैसा कोणीतरी भरतच असतो. तुमच्या बाबतीत तो कोण भरणार, वडील? बायको? का तुमची दिवसभराची नोकरी? ते आधी ठरवा आणि मग परवडणारी फी वगैरे बोला.

आता वही काढा. आकडे मी समजा म्हणून घेतोय, तुमचे वेगळे येतील. हॉल तीस बाय वीस, म्हणजे सहाशे स्क्वेअर फूट. एक मीटरच्या मॅट टाकल्या तर साधारण चोपन्न बसतात. पोरगं काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) करताना हातपाय मोकळे टाकतं, किक मारतं, त्याला पस्तीस चाळीस स्क्वेअर फूट जागा लागतेच, म्हणजे एका बॅचला पंधरा सोळा पोरं. तीस कोंबली की पहिल्याच आठवड्यात कुणाचातरी दात पडणार आणि आई क्लासवर येणार. तीन बॅच धरल्या तर पोटात मावतात अठ्ठेचाळीस, पण हिशोब अठ्ठेचाळीसचा करू नका, छत्तीसचा करा.

खर्च महिन्याचा. भाडं 9,000, लाईट पाणी 1,500, सोबत एक असिस्टंट (मुलींच्या बॅचला बाई हवीच, यात काटकसर नको) 4,000, मॅट पॅड हातमोजे झिजतात त्याचे बाजूला टाकायचे 1,500, किरकोळ आणि औषधपेटी 1,000, आणि तुमचा स्वतःचा पगार 15,000. हा शेवटचा आकडा लिहिताना सगळ्यांचा हात थांबतो. लिहा! नाही लिहिला तर सहा महिन्यांनी तुम्हीच क्लासला दांडी मारायला लागता, कारण दुसरीकडे काम धरलेलं असतं. बेरीज 32,000, वर्षाचे 3,84,000.

इथे बहुतेक जण 32,000 ला छत्तीसने भागतात, नऊशेच्या आत आलं म्हणून खुश होतात. पण सोलापूरचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं ओ. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) लागला की आठवडाभर पोरं तिकडंच, गणपतीच्या आधी संध्याकाळी लेझीमची प्रॅक्टिस सुरू झाली की अर्धी बॅच मंडळाच्या मैदानावर, मार्चला परीक्षा, दिवाळीला मामाचं गाव, आणि मे मधे पत्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाच वाजता उभं राहून दाखवा मला. भाडं मात्र बारा महिने. यंत्रमाग बंद असला तरी शेडचं भाडं चालूच असतं, तसंच हे. म्हणून फी दहा महिन्यांची धरा. छत्तीस पोरं दहा महिने, 3,84,000 ला 360 ने भागलं की येतात जवळपास 1,070.

आता हजाराच्या वर फी. जुळे सोलापूर, विजापूर रोडला काही जण देतील, पण पूर्व भागात, जिथे घरातली बाई हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर चूल चालवते आणि नवरा टॉवेलच्या कारखान्यात आहे, तिथे हा आकडा सांगितला तर लोक नमस्कार करून निघून जातील. मग करायचं काय, सगळ्यांचा हात पहिला स्वतःच्या पगारावर जातो. तिथे नको. भाड्यावर जा. संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या शाळा, मंडळाचं सभागृह, मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, यांच्याशी बोला, शाळेला सांगा की तुमच्या पाच पोरांना फुकट शिकवतो आणि वर तीन हजार देतो (ही पाच आपल्या हिशोबाच्या बाहेरची, आधीच भरणाऱ्या बॅचमध्ये सामावतात). बऱ्याच ठिकाणी जमतं, फक्त लेखी घ्या आणि मॅट ठेवायला कुलूपवाली खोली मागा. भाडं 9,000 चं 3,000 झालं की वर्षाचा खर्च 3,12,000. मग सकाळी साडेपाचची एक बॅच काढा, उन्हाळ्यात तर तीच खरी बॅच, कॉलेजच्या मुली आणि बायका येतात, दहा जणी धरा. आता छत्तीस अधिक दहा म्हणजे सेहेचाळीस, दहा महिने, 678 रुपये आले. 1,070 वरून पावणेसातशेवर आलो आणि पगाराला हात लावला नाही बघा.

यात सवलतीची जागा पण आधीच काढायची. सेहेचाळीसपैकी सहा जागा साधारण निम्म्या फीच्या धरा. बाकी चाळीस जणांची फी 750 आणि या सहांची 400. दहा महिन्यांचे होतात 3,24,000, म्हणजे खर्च जाऊन बारा हजार हातात, फाटक्या मॅट बदलायला. हे आधी धरलं नाही तर काय होतं की दारात आई उभी राहते, तुम्हाला नाही म्हणवत नाही, फी माफ करता, मग दुसरी येते, आणि वर्षअखेरीला कळतं की पंधरा जण फुकट आहेत आणि त्यातल्या एकाच्या दारात चारचाकी आहे. सहा जागा म्हणजे सहा. भरल्या की पुढच्याचं नाव वेटिंगला.

पण पूर्ण फुकट शक्यतो करू नका, माझं मत आहे, वाद घालायला हरकत नाही. फुकटवाल्या पोराला घरचेच सांगतात, आज पाहुणे आलेत, राहू दे क्लास. शंभर रुपये भरले असले की तीच आई पोराला धरून आणून सोडते. आणि शंभर मी मुद्दाम म्हणतोय. ज्याच्या हातात आठवड्याला पैसे येतात त्याला महिन्याच्या दहा तारखेला 400 मागितले तर ते कधीच नसतात. आठवड्याला शंभर मागा, मिळतात. थोडी वही सांभाळावी लागते, पण असिस्टंट कशाला आहे. आणि उत्पन्नाचा दाखला वगैरे मागू नका, सगळ्यांसमोर तर नकोच, बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारले की कळतं. फीचा कागद पूर्व भागात तेलुगूत पण छापा, घरात आजी वाचते आणि निर्णय बऱ्याचदा तिचाच असतो.

आता जरा कडू बोलतो. आपल्या लाईनमध्ये स्वस्त फीची एक ट्रिक आहे, सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. बोर्डावर 300. बारा महिन्यांचे 3,600. मग ड्रेस आमच्याकडूनच, 1,200. दर तीन महिन्याला बेल्ट परीक्षा 600 प्रमाणे चार, 2,400. मेंबरशिप 500. दोन स्पर्धा सक्तीच्या, 800 प्रमाणे 1,600. किती झाले? 9,300. आणि आपल्या 750 वाल्याचं बघा, दहा महिन्यांचे 7,500, ड्रेस 1,000, वर्षात दोन परीक्षा दीडशे प्रमाणे 300, एकूण 8,800, स्पर्धेला ज्याला जायचंय त्याने जावं. म्हणजे तीनशेवाला महाग पडला. आणि गरीब घराला हा प्रकार सगळ्यात जास्त लागतो, कारण 750 महिन्याला आधी माहीत असतात, पण मधेच पोरगं येऊन सांगतं आई उद्या सहाशे पाहिजेत, नाहीतर माझा बेल्ट राहतो, सगळ्यांचा पिवळा झाला. मग उसनवारी.

शिवाय परीक्षेवर पोट असलं की कोणी नापास होत नाही. पोराचा माए गेरी (समोरची किक) नीट लागत नाही, तोल जातो, तरी हिरवा बेल्ट. मी परीक्षेची फी फक्त बेल्ट, सर्टिफिकेट आणि परीक्षकाचा चहा एवढ्यावर ठेवा म्हणतो, त्यात कमाई नको. म्हणून बोर्डावर नुसती महिन्याची फी लिहूच नका, वर्षाचा एकूण आकडा लिहा, आणि खाली महिन्याला, आठवड्याला किती ते.

बाकीचं पटकन सांगतो. तिमाही एकदम भरली तर थोडी सूट द्या, पण वर्षभराची एकदम घेऊ नका, ते पैसे खर्च होतात आणि पुढचे आठ महिने तुम्ही फुकट शिकवताय असं वाटायला लागतं. भावंडं असतील तर दुसऱ्याला शंभर कमी. पहिले दोन क्लास फुकट बघू द्या. जीएसटीची भीती कोणीतरी घालून देतं, पण वर्षाची उलाढाल वीस लाखाच्या आत असली तर सेवेला रजिस्ट्रेशन लागत नाही, आपला हिशोब आत्ता सव्वातीन लाखाचा आहे, निवांत राहा. पैसे यूपीआयवर घेतले तरी पावती द्या.

मागून प्रश्न आलाय, शेजारच्याने दोनशे केले तर काय? काही करू नका. तुमची वही तीच, हॉल तोच, खर्च तोच, मग फी का बदलेल. जातील चार पोरं, जाऊ द्या, संध्याकाळच्या तीन बॅचचा आपण छत्तीसचाच हिशोब केलाय, जागा अठ्ठेचाळीस आहेत. फी बदलायची ती जूनमध्ये, वर्षातून एकदा, आणि दोन महिने आधी कागद देऊन. आणि जो आधीपासून 400 वाल्या सहांत आहे त्याची वाढवू नका, ते त्याने क्लास सोडेपर्यंत तसंच ठेवा. चला, आता ज्यांनी वह्या आणल्यात त्यांनी पुढे या, तुमचे आकडे बघू.