डगोनची महादेवी

म्यानमारमधल्या यांगोन शहरातला श्वेडगोन पॅगोडा, म्हणजे बौद्ध स्तूप. पहाटे अनवाणी पाय संगमरवरी फरशीवर टेकला की आधी गारवा अंगावर येतो. मग ऐकू येतं ते पाणी. जो ज्या वारी जन्मला, त्या वाराच्या कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर तो वाटी-वाटीनं पाणी घालतो. बुधवारचे तर दोन कोपरे: सकाळी जन्मलेल्यांचा वेगळा, दुपारनंतरच्यांचा वेगळा.

चौदाव्या शतकात यांगोन नव्हतं. टेकडी होती, पॅगोडा होता, खाली डगोन नावाचं गाव होतं. आणि १३६४पासून या डगोनचा कारभार पाहत होती दक्षिण म्यानमारमधल्या मोन लोकांचा राजा बिन्या ऊ याची बहीण, महादेवी. नाव आपल्याकडचंच वाटतं ना? राज्याचं नावही तसंच. हंथावडी, म्हणजे हंसावती.

आईवेगळा भाचा बिन्या न्वे याला या आत्यानंच वाढवलं. पोरगं तापट निघालं. मोठं होऊन सावत्र बहिणीला घेऊन पळालं, पकडलं गेलं. राजा संतापला, तेव्हा रदबदली करायला आत्याच उभी राहिली.

राजा आजारी पडला तसा राजधानी पेगूच्या दरबारात महादेवीचा शब्द चालू लागला. गादीसाठी तिची पसंती मात्र भाच्याला नव्हती, राजाच्या जावयाला होती. त्या दोघांविषयीची कुजबुज बखरींनी चवीनं नोंदवून ठेवली आहे. राज्य चालवणारी बाई दिसली की बखरींना हा विषय हमखास सुचतो!

१३८३. न्वे मूठभर साथीदारांनिशी पेगूतून निसटला आणि त्यानं जाऊन काबीज केलं ते डगोन. आत्याचंच गाव. 

राजानं त्याच वर्षी राज्याची सूत्रं रीतसर बहिणीच्या हाती दिली. ती जेमतेम दोन महिने टिकली. जानेवारी १३८४च्या सुरुवातीला राजा गेला आणि दरबारी मंडळी फिरली. पंधरा वर्षांचा न्वे गादीवर बसला. तोच पुढे उत्तरेकडच्या आव्याच्या राज्याशी वर्षानुवर्षं झुंजलेला राजाधिराज.

हरलेल्या आत्याचं आता काय होणार, हे पेगूत कुणीही सांगितलं असतं. पुढे याच राजानं पोटच्या मुलालाही मारवलं. पण आत्याला त्यानं जिवंत ठेवलं, आणि गावही परत दिलं.

महादेवी डगोनला परतली, पुन्हा तिथला कारभार पाहायला.